मापात पाप नको

शिशाच्या जाड भांड्यात बसवलेली काचेची लहानशी बाटली सकाळी रुग्णालयात येते. भांडं उचलायला दोन्ही हात लागतात, आतलं द्रव मात्र जेमतेम चमचाभर. भांड्यावरच्या कागदावर लिहिलेलं असतं: आयोडीन-१३१, इतके मिलिलिटर, १०० मिलीक्युरी आणि त्यापुढे एक तारीख, एक वेळ. वेळ बहुधा दुपारी बाराची.

ज्या बाईंसाठी ही बाटली आली आहे त्यांची थायरॉइडच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन गेली आहे. मागे राहिलेल्या पेशी या आयोडीनने जाळायच्या आहेत. त्या पेशींनी आयोडीन अधाशासारखं शोषून घ्यावं म्हणून बाईंची थायरॉक्सिनची गोळी जवळजवळ चार आठवडे बंद आहे. अंग जड झालंय, थंडी वाजते, बोलताना शब्द ओढून आणावे लागतात. घरच्यांनी बिनआयोडीनचं मीठ शोधून आणलं आणि त्यावर त्यांचा स्वयंपाक वेगळा चालला. एवढं सोसून त्या आज दवाखान्यात बसल्या आहेत. बाटलीत ठरल्यापेक्षा कमी असेल तर पेशी उरतील, जास्त असेल तर लाळग्रंथींना आणि अस्थिमज्जेला त्याची झळ बसेल.

बाटलीत १०० मिलीक्युरी आहे हे पाठवणाऱ्याने सांगितलं. ते खरं आहे हे कुणी पाहिलं? या प्रकरणाचा विषय तेवढाच आहे, पण त्या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलं की वाट दवाखान्याच्या तळघरातून तुर्भ्याला आणि तिथून पॅरिसजवळच्या सेव्र गावापर्यंत जाते.

आपल्याकडे मापाबद्दल लोक फार हळवे असतात. 'मापात पाप' हा शब्दप्रयोगच सांगतो की कमी मोजून देणं हा नुसता हिशेबातला घोटाळा नाही, ते पाप आहे. वाण्याच्या वजनांवर वैध मापन खात्याचा शिक्का असतो आणि तो वेळोवेळी ताजा करून घ्यावा लागतो. पण साखर दुकानातून घरी येईपर्यंत किलोची किलोच राहते. किरणोत्सारी औषधाचं तसं नाही, ते मासळीवाल्याच्या बर्फासारखं आहे. निघताना एक वजन, पोचताना दुसरं. त्यातही बर्फाला भुसा लावता येतो, गोणपाटात गुंडाळता येतं. आयोडीन-१३१ ची घट थंडीने, वेष्टनाने, कशानेही थांबत नाही की मंदावत नाही. दर आठ दिवसांनी निम्मं, हा तिचा ठरलेला वेग.

म्हणून कागदावरचा आकडा वेळेशिवाय वाचायचाच नसतो. सोमवारी दुपारी बाराला १०० मिलीक्युरी असलेलं आयोडीन गुरुवारी दुपारी बाराला ७७ उरतं. हृदयाच्या आणि हाडांच्या स्कॅनसाठी जे रोज वापरतात ते टेक्नेशियम-९९एम सहा तासांत निम्मं होतं, चार तासांनी त्याचे ६३ टक्के उरतात. पेट स्कॅनमधलं फ्लोरीन-१८ तर ११० मिनिटांत अर्धं. तिथे भिंतीवरचं घड्याळ अर्धा तास मागे असेल तर मोजमाप १७ टक्क्यांनी चुकलंच समजा. यंत्र कितीही भारी असो, घड्याळ खोटं बोललं की उत्तर खोटं. अणुवैद्यक विभागातली सगळी घड्याळं एकमेकांशी जुळलेली असावीत हा नियम ऐकायला शाळकरी वाटतो, पण त्याच्यावर औषधाची मात्रा अवलंबून असते.

परदेशातून आलेल्या मालाच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. कागदावरची वेळ ग्रिनिचची असेल आणि इथे ती भारतीय समजून वाचली, तर साडेपाच तासांचा फरक पडतो. आयोडीन-१३१ मध्ये त्याने दोन टक्केच इकडचे तिकडे होतात, ते चालूनही जाईल. हाडांतल्या कर्करोगाच्या वेदना शमवणाऱ्या समेरियम-१५३ मध्ये मात्र तेवढ्याच चुकीने आठ टक्के जातात, कारण ते ४६ तासांत निम्मं होतं. चूक तीच, फटका वेगळा.

आता बाटली मोजायची कशी ते पाहू. विभागाच्या 'हॉट लॅब'मध्ये एक विहिरीसारखं यंत्र असतं, त्याला डोस कॅलिब्रेटर म्हणतात. विहिरीच्या दुहेरी भिंतींमध्ये बहुधा आरगॉन वायू दाबाखाली भरलेला असतो आणि त्यावर विजेचा दाब लावलेला असतो. बाटली आत सोडली की तिच्यातून निघणारे किरण वायूच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतात आणि अत्यंत क्षीण विद्युतप्रवाह वाहू लागतो. बाटलीत पदार्थ जास्त, तर प्रवाह जास्त. यंत्र मोजतं ते एवढंच. बाटलीत आयोडीन आहे की टेक्नेशियम, याची त्याला काही कल्पना नसते. ते माणसाने बटण दाबून सांगायचं असतं. प्रत्येक बटणामागे एक गुणक असतो: अमुक समस्थानिकाचा इतका प्रवाह म्हणजे इतके मिलीक्युरी. बटण चुकलं तरी यंत्र कुरकुर करत नाही, तितक्याच ठामपणे भलता आकडा दाखवतं.

यंत्राची स्वतःची परीक्षाही रोज होते. सकाळी पहिलं काम म्हणजे सीझियम-१३७ चा सीलबंद स्रोत विहिरीत सोडायचा. त्याचं अर्धायुष्य ३० वर्षांचं, वर्षाला जेमतेम सव्वादोन टक्के घट, त्यामुळे आज काय आकडा यायला हवा हे आधीच ठाऊक असतं. तो आला की यंत्र कालच्यासारखं आहे एवढं कळतं. दर काही महिन्यांनी टेक्नेशियमची भरपूर मात्रा ठेवून ती दोन-तीन दिवस उतरत जाताना पुन्हा पुन्हा मोजतात. मोठ्या मात्रेलाही आणि अगदी छोट्या मात्रेलाही यंत्र सारखंच इमानी राहतं का, ते त्यातून कळतं.

यानंतर आलेल्या बाटलीची पाळी. ती मोजायची, मोजल्याची वेळ मिनिटासकट लिहायची, घट हिशेबात धरून तो आकडा कागदावरच्या वेळेपाशी नेऊन ठेवायचा आणि मग दोहोंचं गुणोत्तर काढायचं. ते एकच्या जवळ यायला हवं. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक सर्वसाधारणपणे चालवून घेतात. त्यापलीकडे गेला तर रुग्णाला आत बोलावण्यापूर्वी पुरवठादाराला फोन जायला हवा. द्रव पाजून झाल्यावर रिकामी बाटलीही पुन्हा मोजायची, कारण आयोडीन काचेला आणि झाकणाला चिकटून राहतं. रुग्णाला दिलेली मात्रा म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या मोजणीतला फरक, बाटलीवरचा आकडा नव्हे.

एका बाटलीचं गुणोत्तर फारसं काही सांगत नाही, पन्नास बाटल्यांची वही पुष्कळ सांगते. एकाच पुरवठादाराचं एकच समस्थानिक सतत सहा टक्के जास्त भरत असेल आणि बाकी सारं एकाच्या आसपास असेल, तर ती नशिबाची गोष्ट नाही. गुणक चुकला असेल, बाटलीची काच बदलली असेल, किंवा पाठवणाऱ्याचा काटा हलला असेल. ही वही म्हणजे अणुवैद्यक विभागाचा सगळ्यात मोलाचा कागद आहे असं मला मनापासून वाटतं. ती केवळ तपासणीला अधिकारी येणार म्हणून भरायची गोष्ट नाही.

काचेचा उल्लेख आला आहे तर तिथे थोडं थांबू. आयोडीन-१३१ चे ३६४ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचे गॅमा किरण काचेतून सहज पार होतात, त्यामुळे बाटलीची भिंत जाड की पातळ याने फारसं बिघडत नाही. पण इंडियम-१११ आणि आयोडीन-१२३ यांच्यातून गॅमांबरोबर २३ ते २८ च्या आसपासचे दुबळे क्ष-किरणही निघतात. ते काचेत अडतात आणि प्लॅस्टिकच्या सिरिंजमधून मात्र बाहेर पडतात. त्यामुळे तेच औषध बाटलीत मोजलं तर एक आकडा आणि सिरिंजमध्ये भरून मोजलं तर दुसराच. औषध तितकंच, भांडं बदललं एवढंच. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी तांब्याच्या पातळ नळकांड्यात ठेवून मोजतात, म्हणजे दुबळे किरण दोन्ही वेळा सारखेच गाळले जातात. यिट्रियम-९० सारख्या, जवळजवळ केवळ बीटा कण सोडणाऱ्या पदार्थांची गोष्ट याहून अवघड. बीटा कण स्वतः विहिरीच्या भिंतीपर्यंत पोचतच नाहीत. ते वाटेत थबकताना जे क्ष-किरण निर्माण होतात तेवढेच यंत्राला दिसतात, आणि ते किती निर्माण होतील हे द्रव किती, भांडं कशाचं, यावर ठरतं. तिथे प्रत्येक भांड्यासाठी वेगळा गुणक काढावा लागतो. पायलीने मोजलेलं धान्य आणि अधोलीने मोजलेलं धान्य एकच भरेल असं इथे गृहीत धरता येत नाही.

मात्रा बरोबर असली तरी माल शुद्ध आहे का, हा प्रश्न उरतोच. टेक्नेशियम रोज ज्या 'जनरेटर'मधून काढतात त्यात मूळ पदार्थ मॉलिब्डेनम-९९ असतो, अर्धायुष्य ६६ तासांचं. सलाइनने धुऊन टेक्नेशियम बाहेर काढताना थोडं मॉलिब्डेनमही निसटून येऊ शकतं. ते रुग्णाच्या अंगात गेलं तर चित्रात काडीची भर नाही, किरणांचा मारा मात्र फुकट. त्याची परीक्षा साधी आणि सुंदर आहे. बाटली शिशाच्या डबीत घालून विहिरीत सोडायची. टेक्नेशियमचे १४० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचे किरण शिशात गाडले जातात, मॉलिब्डेनमचे ७४० चे आरपार येतात. एक मेगाबेकरेल (बेकरेल हे क्युरीसारखंच एकक, त्याबद्दल पुढे) टेक्नेशियममागे ०.१५ किलोबेकरेलहून जास्त मॉलिब्डेनम चालत नाही. इथेही घड्याळाचा हिशेब आहे, कारण टेक्नेशियम भराभर घटतं आणि मॉलिब्डेनम टिकून राहतं. सहा तासांत हे प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं. सकाळी आठला काठावर पास झालेली बाटली दुपारी दोनला नापास असते. म्हणून ही मर्यादा बाटली भरतानाच्या क्षणाची नव्हे, सुई टोचतानाच्या क्षणाची आहे.

आता अवघड प्रश्न. दवाखान्याने मोजलं आणि कागदावरच्या आकड्याशी जुळलं. पण ते दोघे मिळून चुकत नाहीत कशावरून?

ही शंका काल्पनिक नाही. नवीन समस्थानिक आलं, यंत्राला त्याचा गुणक माहीत नाही, तर काय करावं? सगळ्यात सोपा मोह म्हणजे पुरवठादाराच्या बाटलीवरचा आकडा खरा मानायचा आणि यंत्राचा गुणक फिरवत फिरवत तोच आकडा आणायचा. त्यानंतर आयुष्यभर दोन्ही आकडे जुळत राहतील. वाण्याच्या वजनावरूनच आपलं वजन ओतून घेतलं, तर त्याच्या मापातलं पाप आपल्याला कधी दिसायचं? दोघांचं जुळणं म्हणजे दोघं बरोबर असणं नव्हे. त्यासाठी तिसरा लागतो, आणि त्या तिसऱ्याचा काटा दोघांशी बांधलेला नसावा लागतो.

तो तिसरा उभा करण्याचं काम शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झालं. १९११ मध्ये मारी क्युरी यांनी २१.९९ मिलिग्रॅम शुद्ध रेडियम क्लोराइड काचेच्या नळीत बंद केलं, आणि तेच जगाचं पहिलं मानक ठरलं. व्हिएन्नामध्ये हनिगश्मिड यांनी स्वतंत्रपणे मानकं तयार केली होती. १९१२ मध्ये पॅरिसला दोन्ही शेजारी ठेवून पाहिली आणि ती उत्तम जुळली. दोन वेगळ्या हातांनी, वेगळ्या शहरांत केलेलं काम जुळलं याला महत्त्व आहे. पुढे १९७५ मध्ये 'बेकरेल' हे एकक आलं, सेकंदाला एक विघटन. पूर्वीच्या एका क्युरीत ३,७०० कोटी बेकरेल बसतात.

पण विघटनं मोजायची म्हणजे नेमकं काय करायचं? कुठलाही मोजणारा सगळी विघटनं पकडू शकत नाही, आणि आपल्या हातून किती निसटली हे त्याला ठाऊक नसतं. यावरची युक्ती समजायला वारीत जाऊ. दिवे घाटात दोन स्वयंसेवक उभे आहेत. एक जण समोर येईल त्या वारकऱ्याला बुक्का लावतो, दुसरा थोडा पुढे उभा राहून गंध लावतो. दोघांच्याही हातून बरेच वारकरी सुटतात. संध्याकाळी कळतं की पहिल्याने ८०० जणांना बुक्का लावला, दुसऱ्याने ५०० जणांना गंध लावलं आणि दोन्ही खुणा असलेले ४०० आहेत. दुसऱ्याकडून गेलेल्या ५०० पैकी ४०० जणांना बुक्का आहे, म्हणजे पहिल्याने शंभरातले ऐंशी गाठले. तर एकूण वारकरी १,०००. कोण किती चुकलं हे आधी माहीत असण्याची गरजच पडली नाही! अट एवढीच की दोघांनी एकमेकांकडे पाहून काम करू नये.

आयोडीन-१३१ च्या विघटनात बीटा कण निघतो आणि बहुतेक वेळा त्याच्या मागोमाग गॅमा. एक उपकरण बीटा मोजतं, दुसरं गॅमा, तिसरा हिशेब दोन्ही एकाच वेळी आल्याचा. त्यातून खरी संख्या निघते, आणि तीही कुणाच्याही मानकाचा आधार न घेता. याला योगायोग-गणना म्हणतात. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात देशाची अशी प्राथमिक मोजमापं होतात. तुर्भ्याला १९५६ च्या ४ ऑगस्टला 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली, तिथूनच भारतातल्या समस्थानिकांची वाट सुरू होते. १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. आज वाशीच्या 'ब्रिट' या सरकारी संस्थेतून देशभरच्या रुग्णालयांना बाटल्या जातात. आणि भाभा केंद्रातली मानक-प्रयोगशाळा रुग्णालयांची आयोडीन-१३१ ची मोजणी तपासण्याचा उपक्रमही चालवते. स्वतः अचूक मोजलेला नमुना ठिकठिकाणच्या विभागांना द्यायचा, त्यांनी आपल्या यंत्राने मोजून आकडा कळवायचा आणि मग दोन्ही ताडून पाहायचे. असा हा सरळ, प्रामाणिक व्यवहार.

भाभा केंद्राला तरी कोण तपासतं? सेव्रला आंतरराष्ट्रीय वजन-माप कार्यालय आहे, तिथे १९७६ पासून निरनिराळ्या देशांच्या प्रयोगशाळा आपापले नमुने पाठवतात. तिथला आयनन कक्ष (डोस कॅलिब्रेटरच्याच जातीचं यंत्र) प्रत्येक नमुन्याची तुलना रेडियम-२२६ च्या स्रोताशी करतो, ज्याचं अर्धायुष्य १,६०० वर्षांचं आहे. टेक्नेशियम मात्र इतकं अल्पायुषी की दूरच्या देशातून सेव्रला पोचेपर्यंत ते बाटलीत फारसं उरतच नाही. म्हणून तिथलं एक यंत्रच प्रवासाला निघतं आणि देशोदेशीच्या प्रयोगशाळांत जाऊन बसतं.

एवढी राखण असूनही चूक घुसली, त्याची हकिकत सांगायलाच हवी. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरला की रेडियम-२२३ देतात. शरीर त्याला कॅल्शियमसारखं वागवतं, ते हाडांतल्या गाठींपाशी जाऊन बसतं आणि तिथे अल्फा कण सोडतं. अमेरिकेत २०१३ मध्ये हे औषध मंजूर झालं. मात्रा होती शरीराच्या दर किलोमागे ५० किलोबेकरेल. त्याचं प्राथमिक मानक अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, 'निस्ट'ने, ठरवलं होतं. त्याच्या आधारे कारखान्याने बाटल्यांवर आकडे छापले आणि त्याच्याच आधारे रुग्णालयांनी आपापले गुणक बसवले. सगळ्यांचे आकडे जुळत होते. वह्यांमधली गुणोत्तरं एकाच्या आसपास होती.

मग ब्रिटन आणि जर्मनीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांनी तोच पदार्थ आपापल्या पद्धतींनी, स्वतंत्रपणे मोजला. त्यांचा आकडा अमेरिकेच्या आकड्याहून सुमारे दहा टक्क्यांनी वेगळा आला. निस्टने काम नव्याने हाती घेतलं, पुन्हा मोजलं आणि २०१५ मध्ये उघडपणे प्रसिद्ध केलं की आधीचं मानक चुकलं होतं, बाटल्यांत लिहिल्यापेक्षा सुमारे दहा टक्के जास्त होतं. रुग्णांवर याचा परिणाम झाला नाही, कारण औषधाच्या चाचण्याही त्याच जुन्या आकड्याने झाल्या होत्या आणि अंगात जाणारं द्रव पूर्वीइतकंच राहिलं. बदलले ते आकडे. मात्रा दर किलोमागे ५० ऐवजी ५५ किलोबेकरेल लिहिली जाऊ लागली, बाटलीवरचे मिलिलिटरमागचे १,००० चे १,१०० झाले आणि जगभरच्या रुग्णालयांना आपल्या यंत्रांचे गुणक बदलावे लागले. ज्या विभागाने नवा गुणक बसवला आणि मात्रा मात्र जुन्याच आकड्याने मोजली, तिथे रुग्णाला सुमारे नऊ टक्के कमी औषध गेलं असतं. म्हणून हा बदल ठरवून, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी करावा लागला.

मला यात निस्टचा कमीपणा दिसत नाही. एका राष्ट्रीय प्रयोगशाळेने दुसऱ्यांच्या आकड्यांपुढे स्वतःचा आकडा पुन्हा तपासला आणि चूक जाहीर केली, हे शास्त्राचं काम जसं व्हायला हवं तसंच झालं. ही चूक एकाही रुग्णालयाला आपल्या वहीतून सापडली नसती. ती सापडली, कारण दोन प्रयोगशाळांनी 'हे तर मोजून झालंय' असं न म्हणता ते स्वतः पुन्हा मोजलं.

या व्यवसायातल्या वाचकांना म्हणून एक विनंती. आपला विभाग भाभा केंद्राच्या तपासणीत शेवटचा कधी सहभागी झाला होता, ते आज वही उघडून पाहा. कित्येक वर्षं झाली असतील तर पुढच्या फेरीसाठी पत्र पाठवा. आणि जो आकडा येईल, तो आला तसा कळवा. पुरवठादाराच्या आकड्याशी जुळवून घेऊन मग कळवू नका.